ळचा खिळा

हेस्केथ साहेबांना ळ यायचा नाही.
बाकी सगळं यायचं:
चमचा आणि चमचे यांतले दोन वेगळे च,
पोटफोड्या ष, म्हणी,
शिव्याही, त्यातल्या त्यात सौम्य.
पण जीभ मागे वळवून टाळूला टेकवायची म्हटली
की कोवळा ल तेवढा बाहेर यायचा.
पहिल्याच रविवारी वेदीपाशी उभं राहून म्हणाले,
मी तुमचा पालक.
पाळक म्हणायचं होतं.
मागच्या बाकांवरच्या बायकांना
मंडईतली हिरवी जुडी दिसली,
आणि प्रार्थना संपेपर्यंत
पदर तोंडावरून निघाले नाहीत.

आमचे दादा, सीलास वाघचौरे,
गुरुवार पेठेत मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवायचे.
संध्याकाळी साहेब सायकल भिंतीला टेकवून आत यायचे,
दादा ळचा खिळा त्यांच्या तळहातावर ठेवायचे.
उलटा. खिळ्यावरचं अक्षर उलटंच असतं.
हे बघा, दोन गाठी आणि मधे चिमटा.
साहेब अंगठ्याने चाचपत राहायचे,
नखात शिशाची काजळी.
हाताला कलतं सीलास,
जिभेला कलत नाही.

मग बिशप झाले. अंगठी आली, काठी आली,
जांभळा पट्टा आला. ळ नाही आला.

पेठेतल्या हौदावर ज्या हातांना बंदी
त्या हातांतून घेतलेलं पाणी ते घटाघटा प्यायचे.
चांदीचा प्याला एकच, ओठ सगळ्यांचे.
हे खरं.
आणि कॅम्पातल्या त्यांच्या बंगल्यात
प्रुफं घेऊन गेलेले दादा
तेवीस वर्षं व्हरांड्यातच उभे राहिले,
हेही खरं.
आत वेताच्या सहा खुर्च्या होत्या.
मी खिडकीतून मोजल्या होत्या.

बेचाळीसच्या ऑगस्टात
माझा चुलतभाऊ येरवड्याला गेला.
त्याच आठवड्यात साहेबांचा उपदेश छापायला आला:
राजाची आज्ञा पाळा.
दादांनी जुळवला. ओळ बांधताना
एक काना गळाला.
राजाची आज्ञा. पळा.
प्रुफं गेली आणि परत आली.
साहेबांची हिरवी शाई प्रत्येक पानावर,
स्वल्पविरामसुद्धा सुटला नव्हता.
त्या ओळीवर काही नाही.
दिसलं नाही, की दिसू दिलं नाही,
दादांनी विचारलं नाही.
दोनशे प्रती निघाल्या.

एकोणपन्नासात ते गेले.
पुस्तकं वाटून टाकली, सायकल शिपायाला दिली.
छापखान्यात आले, म्हणाले, एक खिळा देशील?
मराठीच्या केसमध्ये ळ पुरत नाही कधी,
तरी दादांनी दिला.
रुमालात बांधून.

मग चार वर्षांनी डेव्हनहून बहिणीचं पत्र.
भाऊ शांतपणे गेला.
शेवटच्या आठवड्यात इंग्रजी सुटलं होतं,
मूठ वळलेली, काही केल्या उघडेना,
आणि एकच शब्द सारखा.
तो तिने ऐकू आला तसा लिहिला होता,
के, ए, एल,
आणि खाली: याचा अर्थ कृपया कळवावा.

दादा पत्र घेऊन केससमोर बसले.
काल?
काळ?
की कळ, दुखत असेल त्यांना.
खानसाम्याशी बोलायचे तसं कॅम्पातलं हिंदी असेल
तर उद्या.
रोमनमध्ये सगळे एकाच मापाचे.

आणि समजा, दादा म्हणाले, आलाच असेल ळ
त्या घरात,
तर तो ओळखणारं तिथे होतं कोण?

आठवडाभर पत्र कोनाड्यात राहिलं.
मग मला समोर बसवून
त्यांनी एक ओळ सांगितली,
मी ती इंग्रजीत केली:
बाईसाहेब, हा शब्द आमच्याकडे
फार वापरात आहे.

खाली सही त्यांनी स्वतः केली,
मराठीत,
आणि तिकिटासाठी जिभेवर बोट फिरवलं.